सगळ्या गल्लीचा एक नंबर

किन्हीराजात इंद्रभानभाऊंचं घर विचारलं, तर कुणी त्यांच्या शेतावरून सांगत नसे की आडनावावरून सांगत नसे. "नंबरवाले इंद्रभान ना? ते काय, निंबाखालचा ओटा," एवढं सांगितलं की पाहुणा बरोबर येऊन पोचत असे.

नंबरवाले हे नाव त्यांनी स्वतःला लावून घेतलेलं नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी गावात रेंज यायची ती फक्त त्या निंबाच्या बुंध्यापाशी. भाऊंची अर्धा एकर वांगी त्या साली बरी पिकली होती. वाशिमजवळच्या मालेगावचा व्यापारी म्हणाला, मोबाइल घ्या, रोज सकाळी भाव सांगत जाईन. भाऊंनी मोबाइल घेतला. व्यापाऱ्याने एक दिवसही भाव सांगितला नाही, पण नंबर गावाच्या कामी आला. आधी बाहेरगावची माणसं त्यावर निरोप देऊ लागली. मग कागदपत्रांचे दिवस आले. रेशनचं कार्ड, गॅस, आधार, पीकविमा, शाळेतलं नाव. जिथे तिथे अर्जात एक रकाना असे, मोबाइल नंबर. "लिवा इंद्रभानभाऊचा," असं म्हणून लोक मोकळे होत. भाऊंना विचारायची गरज कुणाला वाटली नाही आणि कुणी विचारत नाही याचं भाऊंनाही काही वाटलं नाही.

पुढे घरोघरी फोन आले. पण लोक सिमकार्डं अंगातल्या सदऱ्यासारखी बदलत. एक स्वस्त मिळालं की जुनं नालीत. भाऊंचा नंबर मात्र होता तोच राहिला. त्यामुळे अकरा घरांतली सव्वीस माणसं सरकारदरबारी, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे त्या एका नंबरावर उभी होती. कुणाचंही काम निघालं की मालेगावच्या सेवा केंद्रातून फोन यायचा, "भाऊ, ओटीपी आला असंल पाहा." भाऊ चष्मा लावून दोन-दोन आकडे सांगायचे. पुढचा "झालं" म्हणेपर्यंत फोन ठेवायचे नाहीत.

कुणाचा संदेश येणार आहे हे ध्यानात ठेवायची त्यांची रीत साधी होती. गळ्यात उपरण्यासारखा दुपट्टा असे. ज्याचं काम असेल त्याने आधी ओट्यावर येऊन सांगायचं. भाऊ दुपट्ट्याच्या एका कोपऱ्याला गाठ मारायचे. संदेश आला, आकडे त्याला पोचले, काम झालं असं त्याने तोंडाने सांगितलं, की गाठ सोडायची. त्याआधी नाही. चार कोपरे, चार माणसं. पाचवा आला तर भाऊ म्हणत, "कोपरा रिकामा नाई. उद्या येजो."

शेजारचा रतनसिंग एकदा चिडला. "धा हाताचा दुपट्टा घे ना बाप्पा! मानसं कायले वापस पाठवतं?"

"दुपट्टा धा हाताचा घे का ईस हाताचा घे," भाऊ शांतपणे म्हणाले, "कोपरे चारच राह्यते रतनसिंग."

ओट्यावरचे सगळे हसले. आतून भाऊंच्या बायकोचा, मनकर्णाबाईचा आवाज आला, "तलाठी झाले तुमी गावाचे. पगार तेवढा मांगाले इसरले."

भाऊ नुसते हसायचे. तसे ते मुळातच कमी बोलणारे. चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की ते मागच्या रांगेत सरकत. पण ओट्यावर बसून कुणाला सहा आकडे सांगताना त्यांचा आवाज खणखणीत निघे. तेवढं आपल्याला जमतं, असं त्यांना वाटत असावं. वीस वर्षांत एकाचा संदेश दुसऱ्याला गेला असं एकदाही झालं नव्हतं.

समोरच्या घरात सीताबाई राहायच्या. भाऊंचे दोस्त रामराव, त्यांच्या या बायको. रामराव जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा स्वप्निल पुण्याकडे एका कंपनीत. सीताबाईंची गावात ओळख बियाणाची. पेरणीआधी लोक सोयाबीन, तूर, अंबाडी, वांग्याचं बी सुपात घालून त्यांच्याकडे आणत. त्या उन्हात बसून एक-एक दाणा निवडत. किडका, पोचट, मुका दाणा त्यांना वरूनच ओळखू येई. त्यांनी निवडलेलं बी उगवलं नाही असं होत नसे. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "एक त हाये ना. बियाले एक पुरते."

मग श्रावणात मालेगावात डोळ्यांचं शिबिर झालं. भाऊ, रतनसिंग आणि सीताबाई तिघं मिळून गेले. रतनसिंगला मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला तरी चालेल. सीताबाईंच्या डाव्या डोळ्यात दिवा मारून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग भाऊंना बाजूला घेतलं. काचबिंदू आहे, उजवा याच्यानेच गेला. डाव्याचं ऑपरेशन दीड-दोन महिन्यांत झालंच पाहिजे, तोवर हे थेंब घाला. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवता येतं. अकोल्याच्या दवाखान्याची तारीख संदेशाने येईल, ती तेवढी चुकवू नका. नंबर?

दोघांच्याही कागदावर भाऊंचाच नंबर लिहिला गेला. घरी आल्यावर भाऊंनी दुपट्ट्याच्या दोन कोपऱ्यांना दोन गाठी मारल्या. एक रतनसिंगची. सीताबाईंची त्यांनी जरा जास्तच आवळून मारली.

"इतकी कायले आवयता भाऊ," सीताबाई म्हणाल्या, "सुटनार नाई मंग."

"तुमची तारीख आली का दातानं सोडतो वहिनी."

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला भाऊंची मुलगी राधिका आणि जावई वीरेंद्र आले. वीरेंद्र वाशिमच्या एका शाळेत मास्तर. सज्जन माणूस, सासऱ्यावर जीव. जेवणं उरकून तो ओट्यावर पान खात बसला आणि तासाभरात सात माणसं येऊन गेलेली त्याने पाहिली. एकाने तर भाऊंना हातही धुऊ दिले नाहीत.

"मामाजी, हे रोजचंच आहे?"

"रोजचं म्हंजे... हो. लोकाईचं काम राह्यते."

"आणि तुम्ही दुपट्ट्याला गाठी मारून लक्षात ठेवता?"

भाऊ ओशाळले. जावयाने गाठींकडे पाहिलं तेव्हा त्यांनी दुपट्टा हळूच मांडीखाली घेतला.

वीरेंद्रने त्यांचा फोन मागून घेतला. शाळेतलं वेळापत्रक, परीक्षांच्या याद्या, पालकांचे निरोप सगळं तो आता फोनातल्या एका सहायकाकडून करून घेत होता. बोलून सांगितलं की काम होतं. हा सहायक नुसता गप्पा मारणारा नाही, त्याला बाकीच्या अॅपांशी आणि सेवांशी जोडून दिलं की तो तिथे जाऊन आपल्या वतीने काम करतो, असं त्याने समजावलं. संदेशांशी जोडला की संदेश वाचतो. कॅलेंडरशी जोडला की तारखा लिहून ठेवतो. गॅसशी जोडला की टाकी सांगतो. दवाखान्याच्या संदेशांना उत्तर देतो. मालेगावच्या सेवा केंद्राचंही अॅप होतं. तिथे आपल्या माणसाचं काम निघालं की आकडे सरळ तिकडे पोचणार.

"तुम्हाला चष्मासुद्धा लावावा लागणार नाही मामाजी."

भाऊंच्या मनात आलं की म्हणावं, राहू द्या, असंच बरं आहे. पण जावई. सणाला दारी आलेला. त्याने मायेने काही करायला घ्यावं आणि आपण नको म्हणावं, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. जावयाचं मन मोडू नये, ही रीत भाऊंच्या बापापासूनची. ते म्हणाले, "तुमाले जसं वाटते तसं करा बापू."

दुपार कलेपर्यंत जोडाजोडी चालली. दर जोडणीला फोन विचारायचा, परवानगी द्यायची का? वीरेंद्र फोन सासऱ्यापुढे धरायचा, कारण बोट त्यांचं हवं. भाऊ बोट टेकवायचे. संदेश वाचू द्यायचे? हो. उत्तरं पाठवू द्यायची? हो. एकसारख्या दुबार नोंदी आपोआप काढून टाकायच्या?

इथे भाऊ थांबले. "हे काय व्हय?"

"एकच गोष्ट दोनदा येते ना मामाजी, ती एक ठेवून दुसरी काढायची. नाहीतर गिचमिड होते."

खरंच होतं ते. रेंज अशी की एकच संदेश कितीदा तरी दोनदा यायचा. भाऊंनी बोट टेकवलं.

शेवटी वीरेंद्रने त्याला बोलतं केलं. बाईचा आवाज, स्वच्छ पुस्तकी मराठी. "नमस्कार इंद्रभानजी. मी आपली काय मदत करू?"

मनकर्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "इंद्रभानजी! पन्नास वर्सांत म्या अशी हाक मारली नाई."

"तुमी त हाकच मारत नाई," भाऊ म्हणाले. सगळे हसले. तो दिवस चांगला गेला.

निघताना वीरेंद्र म्हणाला, "आता त्या गाठी सोडा मामाजी. तो विसरत नाही."

जावई एसटीत बसेपर्यंत भाऊंनी गाठी सोडल्या नाहीत. पण घरी आल्यावर विचार केला. ज्याला विसरायचं ठाऊकच नाही त्याच्या हाती काम दिलं आणि वर आपण गाठी बाळगायच्या, म्हणजे जावयावर विश्वास नाही असंच झालं. त्यांनी एकेक गाठ सोडली. सीताबाईंची खरोखर दातानेच सोडावी लागली. काम व्हायच्या आधी गाठ सुटली, ती त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

पुढचे पंधरा दिवस बरे गेले. रोज सकाळी भाऊ चहाची कपबशी घेऊन ओट्यावर बसत आणि ती बाई आदल्या दिवशीचा हिशेब द्यावा तशी कामं सांगे. काल चार कामे पूर्ण केली. गॅसची नोंद झाली. सेवा केंद्राला दोन ओटीपी पाठवले. भाऊंना गंमत वाटे. लोक मात्र ओट्यावर यायचे कमी झाले. कामच उरलं नव्हतं. रतनसिंग येई, पण तो पानासाठी.

नवरात्राच्या आधी एका सकाळी बाई म्हणाली, "अकोला येथील नेत्र रुग्णालयाची नोंद पक्की केली आहे. चौदा ऑक्टोबर, सकाळी नऊ."

भाऊंनी चहा खाली ठेवला. कुणाची? दवाखान्याच्या संदेशात नाव नसतं, नोंदणीचा क्रमांक तेवढा असतो. त्यांनी रतनसिंगला हाक मारून त्याची चिठ्ठी आणायला लावली. शेवटचे चार आकडे जुळले. रतनसिंगची तारीख होती.

"आन् वहिनीची?"

"येईन तिची," रतनसिंग म्हणाला. "नोंद माह्याच मांगं व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने सहा कामं सांगितली. त्यात पाचवं काम असं होतं, "रुग्णालयाची एक दुबार नोंद रद्द केली."

भाऊंनी ते ऐकलं. नीट ऐकलं. रतनसिंगचाच संदेश पुन्हा आला असणार असं त्यांना वाटलं. संदेश दोनदा येतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! आणि ते फोनला म्हणाले, "वा बाई. लय काम करतं तू."

हे वाक्य पुढे त्यांना जन्मभर पुरलं.

सीताबाई रोज समोरून विचारत, "आली का भाऊ?" भाऊ फोनला विचारत, "सीताबाईची तारीख आली का?" बाई सांगे, "सीताबाई या नावाने कोणताही संदेश आलेला नाही." ती खोटं बोलत नव्हती. त्या नावाने संदेश येणारच नव्हता.

चौदाला रतनसिंग अकोल्याला जाऊन आला. काळा चष्मा लावून ओट्यावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, निंबाचं पान न् पान दिसून राह्यलं. सीताबाई त्याच्याजवळ येऊन बसल्या. त्याला खोदून खोदून विचारत राहिल्या, दुखते का, सुई टोचते का, किती वेळ निजवते. मग म्हणाल्या, "माही बी येईन आता. इतक्या लोकाईचं करतेत, येळ त लागते."

दिवाळी आली. सोयाबीन निघालं. भाऊ म्हणत, एकदा जाऊन विचारून येऊ वहिनी. सीताबाई म्हणत, "बोलावल्याबिगर कायले जाव? हाकलून देतीन." आणि भाऊही मग जोर धरत नसत. त्यांचाही स्वभाव तसाच. खिडकीपाशी जाऊन कुणाला काही विचारायचं म्हटलं की पाय मागे यायचे. शिवाय फोन रोज सांगत होता की काही आलेलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी सीताबाई दारात सूप घेऊन बसल्या होत्या. समोरच्या ओट्यावरून भाऊंना दिसलं की त्या दाणे निवडत आहेत आणि चांगले दाणे फेकून देत आहेत. किडके सुपात राहत होते. कोंबड्या गोळा होऊन टपोरी तूर टिपत होत्या. भाऊ उठले, जवळ गेले.

"वहिनी, सुपात काय हाये?"

"तूर हाये. काहून?"

"चांगली हाये का?"

सीताबाईंनी हात थांबवला. एक दाणा डोळ्याजवळ नेला आणि म्हणाल्या, "धुकं पडलं वाटते आज."

ऊन लख्ख पडलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ते दोघं मालेगावहून अकोल्याची बस धरून निघाले. मेडशीपासून पातूरपर्यंत सीताबाई खिडकीशी तोंड करून बसल्या होत्या. घाट आला की दरवेळी त्या मोर दिसतो का पाहायच्या. या वेळी त्यांनी विचारलं, "घाट गेला का भाऊ?" गेला होता.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीने चिठ्ठी पाहिली आणि क्रमांक टाकला. "काका, यांची तारीख तर होऊन गेली. चौदा ऑक्टोबर होती. तुम्ही रद्द केली."

"आमी नाई केली बाई."

"तुमच्याच नंबरवरून आलं होतं. पक्की करायला एक, रद्द करायला दोन. तुम्ही दोन पाठवलं." तिने पडदा जरासा त्यांच्याकडे फिरवला. "हे पाहा. संदेश गेला सहा वाजून दहा मिनिटांनी आणि त्याच मिनिटाला उत्तर आलं. एवढ्या लवकर तर कोणीच पाठवत नाही."

भाऊंनी चष्मा लावला. आकडे त्यांना नीट दिसत होते. खाली आदल्या दिवशीची ओळ होती, रतनसिंगची. तोच नंबर, तोच दवाखाना, तीच तारीख, तीच नऊची वेळ. त्यांच्या ध्यानात सगळं एकदम आलं. फोनातल्या बाईला ठाऊक होतं की हा नंबर एका माणसाचा आहे. एक माणूस सकाळी नऊ वाजता दोनदा कसा निजेल? म्हणून तिने एक ठेवली, एक काढली. सांगितलं होतं तसंच केलं. या नंबरावर सव्वीस माणसं राहतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वीरेंद्रला ते काम दिसलं होतं, माणसं दिसली नव्हती. आणि भाऊंना वाटलं होतं, ते काय सांगायचं, साऱ्या गावाला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी तपासलं. तरुण होते. रागावले नाहीत, त्याचाच भाऊंना जास्त त्रास झाला. म्हणाले, डोळ्याची नस बरीच सुकली. तेव्हा केलं असतं तर जे होतं ते पुष्कळसं राहिलं असतं. आता दुखू नये म्हणून ऑपरेशन करू, पण उजेड-अंधार कळेल, त्याहून जास्त मी कबूल करत नाही.

"थोडं बी नाई?" भाऊंनी विचारलं.

"नाही काका."

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. पातूर सुटल्यावर सीताबाई म्हणाल्या, "कोनं रद्द केली म्हने?"

भाऊंनी सगळं सांगितलं. दुपट्टा, गाठ, जावई, फोन, दुबार. त्या सकाळी आपण काय ऐकलं आणि काय म्हणालो तेही सांगितलं. आयुष्यात इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "चूक माही हाये वहिनी."

सीताबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा समोरच्या सीटच्या दांडीकडे होता.

"तुमची कशी असंल भाऊ," त्या म्हणाल्या. "ईस वर्सांत झाली का कदी? दवाखान्यावाल्याइनंच केली आसंल. आता तुमच्यावर ढकलून राह्यले."

"नाई वहिनी. माहीच हाये."

"राहू द्या."

त्यांनी ते मान्य केलं नाही. पुढेही कधी केलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर भाऊंना कुठेतरी टेकायला जागा मिळाली असती.

घरी येऊन भाऊंनी वीरेंद्रला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामाजी, मला वाटलं तुम्ही पाहत असाल मधे मधे. सगळी नोंद असते त्यात." आणि लगेच, "नाही, माझंच चुकलं. मी यायला पाहिजे होतं."

"तुमाले काय ठाव बापू," भाऊ म्हणाले. जावयाचं मन त्यांनी तेव्हाही मोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या जोडण्या तोडल्या. संदेश, कॅलेंडर, गॅस, दवाखाना, केंद्र. दरवेळी फोन विचारी, "आपली खात्री आहे का?" आणि भाऊ बोट टेकवत. मग त्यांनी दुपट्टा घेतला आणि त्याच कोपऱ्याला पुन्हा गाठ मारली. कसली, कुणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मनकर्णाबाईंनी पाहिलं, पण त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही.

"आता कोनाची व्हय ही?" एवढंच विचारलं.

भाऊंनी दुपट्टा गळ्यात टाकला.

गावात गोष्ट फिरायला वेळ लागला नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही, उलट मालेगावला जाताना लोक ओट्यापाशी थांबून रामराम करत. पण ज्याने त्याने आपला नंबर बदलून घ्यायला सुरुवात केली. केंद्रात जायचं, नवा नंबर द्यायचा. आणि नंबर बदलायचा तर सरकारची अट अशी की आधी जुन्या नंबरावर ओटीपी येतो. मग पुन्हा तो फोन येई. "भाऊ, ओटीपी आला असंल पाहा." भाऊ चष्मा लावत. दोन-दोन आकडे सांगत. पुढचा म्हणे, झालं. एक नाव गळे.

"कोनाचं व्हतं?" मनकर्णाबाई आतून विचारत.

"गंगूचं."

पुढच्या आठवड्यात, "नानीबाईचं."

रतनसिंगने मात्र बदलला नाही. म्हणाला, "माह्या डोयानं तिचा डोया खाल्ला. आता मी कोठं जाऊ?" तो ओट्यावर येऊन बसे. पण पानाचा डबा उघडायचा त्याला आता आठवत नसे.

सीताबाईंचं ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं. बी निवडायला कुणी आणत नसे. एकदोघांनी लाजेकाजेने आणलं होतं, त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं आणि सूप परत दिलं. "किडा आतून राह्यते," म्हणाल्या, "बोटाले नाई समजत."

संक्रांतीला स्वप्निल पुण्याहून आला. आईला तिकडे न्यायचं म्हणत होता. सीताबाई नाही म्हणत होत्या, पण जोर नव्हता त्यांच्या नाहीमध्ये. जायच्या आदल्या दिवशी तो आईला हाताला धरून समोरच्या ओट्यावर घेऊन आला. तिळगूळ झाला. मनकर्णाबाईंनी सीताबाईंच्या कपाळाला हात लावून कुंकवाच्या जागी नुसतं बोट फिरवलं आणि आत निघून गेल्या.

स्वप्निल चुळबुळ करत होता. शेवटी म्हणाला, "काका, आईच्या कागदांवर माझा नंबर टाकतो. तिकडचा दवाखाना लागेल ना आता. तुम्हाला एक संदेश येईल."

"पाठव ना बाबू," भाऊ म्हणाले.

फोन मांडीवर होता. तो वाजला. भाऊंनी चष्मा खिशातून काढला, पुसला, लावला. सीताबाई निंबाच्या दिशेने तोंड करून बसल्या होत्या. ऊन त्यांच्या तोंडावर होतं आणि त्या डोळे मिटत नव्हत्या.

"एकसष्ट," भाऊ म्हणाले.

"एकसष्ट."

"शून्य चार."

"शून्य चार."

"अठ्ठ्याऐंशी."

स्वप्निलने बोटं चालवली. "झालं काका."

भाऊंनी फोन पालथा करून ठेवला. त्या ओट्यावर त्यांनी सांगितलेल्या आकड्यांत हे शेवटचेच. नंबरावर आता रतनसिंग तेवढा उरला होता, पण त्याला कशाचं काम नव्हतं.

सीताबाई उठल्या. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन पावलं जाऊन थांबल्या. मागे वळल्या, पण भाऊ बसले होते त्याच्या जरा उजवीकडे पाहत म्हणाल्या, "भाऊ, माही गाठ सोडली का?"

दुपट्ट्याचा तो कोपरा भाऊंच्या मुठीत होता. दीड महिन्यात त्याला दोनदा पाणी लागलं होतं आणि गाठ खडीसारखी घट्ट झाली होती. नखाने सुटत नव्हती. आता ती दातानेही सुटली नसती.

"सोडली वहिनी," भाऊ म्हणाले.

"बरं झालं," म्हणत त्या पायऱ्या उतरल्या.